नऊ त्रेपन्नचा पंच

दुकानात लागले तेव्हा वाटलं होतं, आपल्याला शिकायचंय ते कॅश रजिस्टर. रजिस्टर तीन दिवसांत आलं. घड्याळ समजायला आठ महिने लागले, आणि त्या आठ महिन्यांत मी स्वतःच्या सहीने स्वतःचे पैसे सोडून दिले. म्हणून हे लिहितेय.

मी कॅलिफोर्नियात, ईस्ट बेमध्ये राहते. एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आले, ईएडी, म्हणजे काम करायचा परवाना, हातात आल्यावर एका मोठ्या साखळी दुकानात कपड्यांच्या विभागात ताशी पगारावर लागले. ईएडी कसं काढायचं, अर्ज कुठे करायचा, मुलाखतीला काय घालून जायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत, त्यात मी पडत नाही. मी फक्त घड्याळाबद्दल बोलणार आहे. ब्रेकरूमच्या दाराशी भिंतीवर जे यंत्र असतं, बॅज लावला की टुंग वाजतं आणि वेळेची नोंद होते (तोच पंच), त्याच्याबद्दल.

त्याआधी मी सांगलीत पतसंस्थेत अकरा वर्षं काढली. दहाचं ऑफिस. सव्वादहाला मस्टर साहेबांच्या टेबलावर जायचं. त्याच्या आत सही झाली की दिवस भरला. पाच मिनिटं आधी येणारी बाई म्हणजे गुणाची, आणि संध्याकाळी खतावणी जुळेपर्यंत थांबणारी त्याहून गुणाची. हीच सवय मी विमानातून इथे घेऊन आले.

आता सापळा सांगते. जरा लांबण लागेल, पण वाचा.

माझी शिफ्ट दहा ते साडेसहा. दहाची म्हणून मी नऊ त्रेपन्नला बॅज लावायची आणि लगेच टेबलावरच्या जीन्सच्या घड्या घालायला लागायची. जेवणाची वेळ शिफ्ट लीड, म्हणजे त्या पाळीचा प्रमुख, एका कागदावर लिहून ठेवायचा, त्यात माझ्या नावापुढे बहुतेक वेळा 2:55. माझा हिशेब सरळ होता. पाच तासांच्या आत जेवायला जायचं असतं, दहा आणि पाच तीन, तीनच्या आत गेले की झालं. दोन पंचावन्नला क्लॉक आउट, म्हणजे बॅज लावून काम थांबल्याची नोंद, खाली बसून डबा, अर्ध्या तासाने परत.

दुसऱ्याच आठवड्यात लीड माझ्यासमोर कागद घेऊन उभा. तुझं जेवण उशिरा झालंय, इथे सही कर.

कायदा असा आहे. कॅलिफोर्नियात पाच तासांपेक्षा जास्त काम असेल तर पाचवा तास संपायच्या आत निदान अर्ध्या तासाची जेवणाची सुट्टी सुरू व्हायला हवी. (पूर्ण शिफ्टच सहा तासांच्या वर जात नसेल तर दोन्ही बाजूंच्या संमतीने ती सोडता येते. दहा तासांच्या पुढे गेलात तर दुसरी.) मालकाने ती वेळेत दिली नाही तर त्या दिवशी एक तासाचा जादा पगार द्यावा लागतो, त्याला मील प्रीमियम म्हणतात. इथवर सगळे सांगतात. कोणी सांगत नाही ते हे, की ते पाच तास शेड्यूलच्या दहापासून मोजत नाहीत, तुम्ही काम खरोखर सुरू केलंत तिथपासून मोजतात. माझं काम नऊ त्रेपन्नला सुरू. पाच तास संपतात दोन त्रेपन्नला. दोन पंचावन्न म्हणजे दोन मिनिटं उशीर. लीडचा कागद पाळला तरी उशीर, आणि माझ्या वेळेआधी येण्यामुळे उशीर!

बरं, दोन मिनिटांनी काय होतं, यंत्र पुढेमागे करून घेत असेल, असंही वाटलं होतं. काही राज्यांत पंच पंधरा मिनिटांना गोल करतात, सात मिनिटांपर्यंत खाली आणि आठपासून वर, आणि एकूण हिशेबात कामगाराचं नुकसान होत नसेल तर केंद्राचे नियम त्याला आडकाठी करत नाहीत. पण जेवणाच्या पंचाला ते चालणार नाही, असं इथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट सांगितलंय. जेवणाचा मिनिट म्हणजे मिनिट. अठ्ठावीस मिनिटांत डबा संपवून परत पंच केलात तर तोही लचांड, तीस पूर्ण भरायला हवीत. मी ते पण केलंय. गर्दी दिसली, म्हटलं चला जाऊ या. नका जाऊ.

आता तो कागद. त्यावर दोन चौकटी होत्या. एक, कामामुळे मला जेवणाची सुट्टी वेळेत मिळाली नाही. दोन, सुट्टी मिळत होती, मी स्वतःच्या मर्जीने उशिरा घेतली. माझ्याकडे कागद यायचा तेव्हा दुसऱ्या चौकटीत आधीच खूण असायची. मी पेन घेऊन सही करायचे, वर सॉरीही म्हणायचे.

त्या दुसऱ्या चौकटीला वजन आहे. 2012 च्या एका निकालात याच न्यायालयाने म्हटलंय की मालकाने सुट्टी द्यायची, कामापासून पूर्ण मोकळं करायचं. मग कामगार खरंच जेवतोय की नाही यावर पहारा ठेवायची जबाबदारी त्याची नाही. म्हणजे मी मर्जीने उशिरा गेले असेन तर तो जादा तास मला मिळत नाही. आणि मर्जी होती हे माझीच सही सांगतेय. आठ महिन्यांत असे अकरा कागद. काही दिवस नऊ त्रेपन्नमुळे, काही दिवस मी रजिस्टरवर असताना रांग मोठी म्हणून लीडने "दोनच मिनिटं" म्हटलं म्हणून. त्यातल्या एकाही दिवशी मर्जी माझी नव्हती.

घाबरून जाऊ नका. कागद समोर आला म्हणजे नोकरी गेली असं नसतं, राइट-अप, म्हणजे लेखी ताकीद, मिळाला तरीही नसतं. कागद वाचायला वेळ मागा, खोटी खूण असेल तर खोडून खरी करा, आणि मोबाइलवर फोटो काढा. मला हे दुकानातल्या एका फिलिपिनो बाईने शिकवलं, एकोणीस वर्षं तिथे आहे ती. मॅनेजर सात बदलले म्हणे. ती दर दिवशी नऊ अठ्ठावन्नपर्यंत ब्रेकरूममध्ये विणत बसते आणि मगच बॅज लावते. मला म्हणाली, तू लवकर येतेस ते चांगलंय, पण लवकर येऊन बस, काम करू नकोस. एवढं एक वाक्य मला सप्टेंबरात कोणी सांगितलं असतं तर!

त्याऐवजी मी सल्ले कोणाचे घेतले? मंडळाच्या सहलीत एक काका म्हणाले, अगं नोकरी नवी आहे, सह्या करून टाक, इथे चांगलं नाव राखायचं असतं. ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं, क्लॉक आउट करून उरलेल्या घड्या घाल, मॅनेजर खूश राहतो. नवरा म्हणाला, माझ्याकडे कोण मिनिटं मोजतं? त्याच्याकडे नाहीच मोजत, त्याला वर्षाचा पगार आहे. माझं स्पष्ट मत झालंय की ज्याने कधी ताशी पगार घेतला नाही त्याच्याकडून ताशी कामाचा सल्ला घेऊ नये, मग तो कितीही प्रेमाने देवो. न्यू जर्सीतल्या माझ्या जावेचाही नको, ती तीन वर्षं दुकानात आहे तरी. तिथे प्रौढ कामगाराला जेवणाची सुट्टी द्यायची सक्तीच नाही, केंद्राच्या कायद्यातही नाही. तिचं सगळं खरं, फक्त माझ्या राज्यात लागू नाही. तुमच्या राज्याचा नियम तुम्ही स्वतः काढा. दुकानात ब्रेकरूमच्या भिंतीवर बारीक अक्षरातला एक कागद लावलेला असतो, वेज ऑर्डर म्हणतात. दुकानांसाठी कॅलिफोर्नियाची सातव्या नंबरची. मी त्याच्याखाली बसून आठ महिने पोळी-भाजी खाल्ली आणि मान वर केली नाही.

क्लॉक आउट करून काम करायच्या त्या ताईंच्या सल्ल्याबद्दल अजून थोडं, कारण तो फार गोड वाटतो. तसं काम करू नका. मालकाला ते माहीत असेल, किंवा माहीत असायला हवं होतं, तर त्याचे पैसे द्यावेच लागतात. मिनिटं थोडी आहेत म्हणून सुटका नाही. इथे स्टारबक्सच्या एका शिफ्ट सुपरवायझरचा खटला झाला. रात्री क्लॉक आउट केल्यावर तो संगणकावरून दिवसाची माहिती पाठवायचा, अलार्म लावायचा, कुलूप घालायचा. सतरा महिन्यांत असे भरले 12 तास 50 मिनिटं, तेव्हाच्या किमान दराने 102 डॉलर 67 सेंट. 2018 मध्ये न्यायालय म्हणालं, रोज होणारं काम आहे, द्या पैसे. पिशवी तपासायला दाराशी थांबवतात तो वेळसुद्धा 2020 मध्ये अॅपलच्या दुकानांबाबत कामाचाच धरला गेला.

उलट बाजूही सांगते, नाहीतर कोणीतरी माझ्या नावाने भांडून येईल. दिवसाचे आठ तास ओलांडले की इथे दीडपट लागतं, आठवड्याचे चाळीस व्हायची वाट बघत नाहीत. तुम्ही न विचारता दहा मिनिटं थांबलात तर ती दहा मिनिटं दीडपटीने मिळतील, पण न विचारता थांबलात म्हणून राइट-अपही मिळू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. म्हणून वेळ झाली की लीडला गाठा, थांबू की जाऊ विचारा, आणि तो जे म्हणेल ते घड्याळावर करा. मैत्रिणीचा बॅज तिच्यासाठी लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. त्यात माफी नसते.

दहा मिनिटांच्या ब्रेकला पंच करायचा नाही, तो पगारी असतो. साडेतीन तासांच्या पुढे एक, सहाच्या पुढे दोन. जाताना वॉकी चार्जरवर ठेवून जा. कानात वॉकी असेल तर तो ब्रेक नव्हे.

पे-स्टबवरचे, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवरचे, तास दशांशात असतात, त्याने मी पहिल्यांदा गडबडले. 7.75 म्हणजे सात तास पंचाहत्तर मिनिटं हे कसलं, म्हणून मी यंत्राला दोष देत बसले. ते आपले पावणेआठ. 6.25 म्हणजे सव्वासहा. सहा मिनिटं म्हणजे 0.10. आजोबांनी पावकी-निमकी घोकून घेतली होती ती एवढ्या वर्षांनी ओकलँडच्या बसमध्ये कामाला आली.

आणि घरी वही ठेवा. मी कालनिर्णयवर लिहिते. आई दुधाचा हिशेब जिथे लिहायची, त्याच चौकटीत मी आल्याची, जेवायला गेल्याची, परतल्याची आणि सुटल्याची वेळ लिहिते. एकादशीच्या खाली 9:58, 2:40, 3:11, 6:30. दुकानाच्या यंत्रात पंच बदलता येतो, माझ्या चौकटीत नाही. एकदा मॅनेजरने माझा 2:56 चा पंच 2:50 करून ठेवला होता, तो याच चौकटीमुळे सापडला.

तो सापडल्यावर मी कधी नव्हे ते लेखी अर्ज केला, माझ्या पगाराच्या आणि पंचांच्या नोंदींच्या प्रती द्या म्हणून. पगाराच्या नोंदी मागितल्यावर 21 दिवसांत द्याव्या लागतात. विसाव्या दिवशी आल्या. रात्री जेवणाच्या टेबलावर कालनिर्णय आणि ते कागद शेजारी ठेवून बसले. नवरा आधी हसला, मग तिसऱ्या तारखेपासून तोच वाचून दाखवायला लागला. अकरा दिवस निघाले. दुकानाने चार दिवसांचे मील प्रीमियम दिले, कारण त्या दिवशी लीडच्या स्वतःच्या अक्षरातली जेवणाची वेळच माझ्या पाचव्या तासानंतरची होती. तासाला साडेसतरा, चार दिवसांचे सत्तर डॉलर. उरलेल्या सात दिवसांना "मर्जीने" आणि खाली माझी सही.

त्या सातांसाठी लेबर कमिशनरकडे, म्हणजे राज्याच्या कामगार खात्याकडे, तक्रार घेऊन जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, ऑफिस ओकलँडला आहे, सॅन होजेला आहे. व्हिसा कोणता याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं, आणि तक्रार केली म्हणून मालकाने त्रास देणं हाही वेगळा गुन्हा धरतात; तरी भीती वाटते, मला वाटली. मील प्रीमियमला मुदत तीन वर्षांची. माझ्या सातांतला सगळ्यात जुना दिवस येत्या फेब्रुवारीत त्या मुदतीबाहेर जाईल. नवरा म्हणतो, एकशे बावीस डॉलरसाठी कशाला. एकशे साडेबावीस, मी त्याला सांगितलं. फॉर्म छापून आणलाय, तारखा भरून झाल्यात, लीडच्या कागदांचे फोटो फक्त शेवटच्या तीन दिवसांचे आहेत. आधीच्या चार दिवसांसाठी फिलिपिनो बाईला विचारायचंय, ती त्या दिवशी शेजारच्या रजिस्टरवर होती का.