मायकोबॅक्टेरियावर औषध तपासताय? या चुका टाळा

नवी मुंबई-ठाण्याच्या कॉलेजांतले मायकोबॅक्टेरियावरचे (क्षयाचा जंतू ज्या कुळातला, ते जंतू) एमएस्सीचे प्रोजेक्ट रिपोर्ट वाचताना चर्चेच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं: ‘जाड लिपिड आवरणामुळे औषध पेशीत शिरू शकलं नाही.’ औषध आत किती गेलं हे कुणी मोजलेलं नसतं. जंतू औषधातही वाढला, एमआयसी (जंतूची वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) जास्त आला, की दोष आवरणाच्या माथी.

आवरण जबरदस्त आहे, यात वाद नाही. आतून बाहेर जाताना आधी पेशीपटल, मग पेप्टिडोग्लायकनची जाळी, मग अरॅबिनोगॅलॅक्टन हा शर्करांचा थर लागतो. त्याला सहसंयुज बंधांनी घट्ट जोडलेली मायकोलिक अ‍ॅसिडं असतात, म्हणजे 60 ते 90 कार्बनांची लांब मेदाम्लं. त्यांच्यावर ट्रेहॅलोज डायमायकोलेटसारखी सुटी लिपिडं. हे शेवटचे दोन घटक मिळून बाहेरचं पटल बनतं. म्हणजे औषधाला पटलं दोन ओलांडायची असतात, आणि दोघांची घडण वेगळी. अंड्याच्या लेसिथिनचे लायपोसोम (लिपिडचे सूक्ष्म फुगे) बनवून त्यातून औषध जातं का हे पाहणं ठीक आहे, पण त्यावरून मायकोबॅक्टेरियाबद्दल काही ठरवू नका.

सगळ्यात मोठी चूक: ‘हळू’ला ‘बंद’ समजणं

1990 मध्ये जार्लिए आणि निकाइदो या संशोधकांनी मायकोबॅक्टेरियम कीलोनी या जातीत सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं किती वेगाने शिरतात ते मोजलं. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या तुलनेत हा वेग सुमारे हजारपट कमी निघाला. आकडा ऐकून विद्यार्थी थांबतात, आणि इथेच फसतात. ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतो, स्मेग्मॅटिसला (प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूऐवजी वापरला जाणारा मायकोबॅक्टेरियम) तीनेक तास लागतात, क्षयाच्या जंतूला साधारण 20 तास. इतक्या वेळात हळू येणारं औषधही आत पुरेसं साठू शकतं. कमी दाबाच्या नळाखाली ठेवलेली बादली रात्रभरात भरतेच. तळाला भोक असेल तर मात्र नाही. हे भोक म्हणजे औषध तोडणारं एन्झाइम किंवा ते बाहेर फेकणारा पंप. संथ प्रवेश आणि अशी दुसरी यंत्रणा एकत्र आली, की खरा प्रतिकार दिसतो.

म्हणून आवरणाला दोष देण्याआधी भोक शोधा. बीटा-लॅक्टम (पेनिसिलिनच्या कुळातलं औषध) तपासत असाल तर ते तोडणाऱ्या बीटा-लॅक्टमेज एन्झाइमला रोखणारं क्लॅव्ह्युलेनेट घातलेली एक ओळ लावा. एमआयसी कोसळला, तर अडचण बीटा-लॅक्टमेजची मोठी होती. क्षयावरच्या रिफाम्पिसिनची गंमत तर आणखी वेगळी. स्मेग्मॅटिसला ते क्षयाच्या जंतूपेक्षा बरंच जास्त लागतं, आणि याचं मोठं कारण आवरणात नाही: आत गेलेल्या रिफाम्पिसिनला ‘एआरआर’ नावाचं एन्झाइम निकामी करतं. क्षयाच्या जंतूत ते नसतं. स्मेग्मॅटिसवरचा रिफाम्पिसिनचा आकडा क्षयाला लावणारे रिपोर्ट म्हणूनच मला पटत नाहीत.

इथिडियम ब्रोमाइड या पेशीत शिरल्यावर चमकणाऱ्या रंगद्रव्याची चमक वाढली की ‘पारगम्यता वाढली’ असं लिहितात. पंप बंद पडला तरी चमक वाढते. पंपरोधक घातलेला आणि न घातलेला, असे दोन्ही नमुने शेजारी हवेत. पंपरोधक म्हणून वापरलं जाणारं व्हेरापामिल पटलाच्या विद्युतभारालाही धक्का देतं, त्यामुळे एकट्या त्याच्या भरवशावर निष्कर्ष नको.

ट्वीन: मदतनीस की घरभेदी?

बाहेरचं लिपिड मेणचट असल्याने पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. त्या फोडायला 7एच9 या द्रव वाढ-माध्यमात 0.05 टक्के ट्वीन-80 हा डिटर्जंट घालतात. पण ज्या आवरणाचा अडथळा तुम्ही मोजणार, त्याच्यावरच ट्वीन काम करतं. काही औषधांचा एमआयसी त्याच्यामुळे खाली येतो. एका बॅचला ट्वीन, दुसरीला नाही, आणि दोन्ही एकाच तक्त्यात? असा तक्ता फाडून टाका. प्रमाण सगळीकडे एकच ठेवा, रिपोर्टमध्ये लिहा, जमल्यास टायलोक्सापोल या दुसऱ्या डिटर्जंटवर एकदा पडताळा. ट्वीन फुटून ओलेइक अ‍ॅसिड सुटतं आणि ते जंतूला मारक असतं. माध्यमातलं अल्ब्युमिन ते शोषून घेतं. मात्र अल्ब्युमिन काही औषधंही धरून ठेवतं, तेव्हा त्याचं प्रमाणही बदलू नका.

गुठळ्या राहिल्याच तर ओडी (द्रवाच्या गढूळपणाचं माप) फसवी येते. दहा मिनिटं नळी उभी ठेवा, वरचा धुरकट भाग घ्या, मगच पातळ करा. प्लेटच्या एका विहिरीत (खळग्यात) वाढ, शेजारच्या कमी मात्रेच्या विहिरीत नाही, पुढच्यात पुन्हा वाढ, असा गोंधळ दिसला तर आधी गुठळीचाच संशय घ्या. बेडाक्विलिनसारखं क्षयावरचं मेदस्नेही औषध पॉलिस्टायरीनच्या प्लेटलाही चिकटतं, तिथे पॉलिप्रॉपिलीन वापरा.

आणि वेळ पाळा. वाशीहून ठाण्याची लोकल गाठायची म्हणून काहींनी रीडिंग 48 तासांवर, काहींनी 60 वर घेतलेलं असतं. इतक्या हळू वाढणाऱ्या जंतूत हा फरक एमआयसीत पूर्ण एका पायरीचा (दुप्पट मात्रेचा) पडू शकतो.

आता झील-नील्सन या आम्लरोधी जंतू रंगवण्याच्या पद्धतीचं थोडक्यात. जुलैत नेरुळ-बेलापूरच्या दमट हवेत स्मिअर (काचेवर पसरलेला नमुन्याचा पातळ थर) वाळत नाही. अर्धा ओला तापवला तर धुऊन जातो. कार्बॉल फुक्सिन हा लाल रंग वाफ येईपर्यंतच तापवा, उकळू देऊ नका. नळाच्या पाण्यात आम्लरोधी पर्यावरणी जंतू असू शकतात, स्वच्छ केलेलं पाणी वापरा.

मायकोलिक अ‍ॅसिडं काढायची असतील तर नुसत्या क्लोरोफॉर्म-मिथेनॉलवर थांबू नका. त्यात सुटी लिपिडं येतात, भिंतीला जोडलेली मायकोलिक अ‍ॅसिडं मागेच राहतात. ती अल्कलीने सोडवावी लागतात. टीएलसीवर (लिपिडं वेगळी करून डागांत दाखवणारी प्लेट) डाग फिका आला म्हणून ‘आयसोनियाझिडने (क्षयावरचं औषध) मायकोलिक अ‍ॅसिडं घटली’ असं लिहिण्याआधी, औषध न दिलेल्या नमुन्याचाही डाग तेवढाच फिका आहे का ते बघा. तो फिका असेल, तर काढण्याची पायरीच चुकली आहे. क्लोरोफॉर्म काचेच्या नळीतच. पॉलिस्टायरीनची नळी त्यात विरघळते.