मार्चमध्ये शिकागोत कोल्ड फ्रंट येतोय? कमाल-किमान सोडा, वारं कधी फिरतंय ते बघा

इकडे नवीन आलेली मंडळी मार्चच्या पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "अगं उद्या हाय ६२ फॅरनहाइट दाखवतंय, संपली ना थंडी?" नाही संपली. ६२ खरंच असतं, पण ते सकाळी ११ ला येऊन गेलेलं असतं आणि आपण ५ ला ऑफिसातून बाहेर पडतो तेव्हा ३५ आणि वर बोचरा वारा. मी पहिल्या वर्षी पातळ कार्डिगन घालून गेले आणि संध्याकाळी ट्रेनच्या प्लॅटफॉर्मवर २० मिनिटं दात वाजवत उभी, शेजारी एक आजोबा जाडजूड पार्का घालून निवांत पेपर वाचतायत. त्यांना माहीत होतं, मला नव्हतं, एवढाच फरक.

२७ फेब्रुवारी २०२४ ज्यांनी इथे काढलाय त्यांना सांगायलाच नको. दुपारी सत्तरीच्या वर, अर्धं शिकागो हाफ चड्डीत लेक मिशिगनच्या काठावर, रात्री गारा आणि टोर्नेडोच्या वॉर्निंग, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पारा पार फ्रीझिंगच्या खाली, वर बर्फ भुरभुरतोय. हे सगळं एका कोल्ड फ्रंटचं काम, म्हणजे गरम हवेला ढकलत पुढे सरकणाऱ्या थंड हवेच्या आघाडीचं.

तर आधी, फोनवरचं जे अॅप दिवसाला एक चित्र आणि दोन आकडे दाखवतं ते मार्चपुरतं विसरा. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवर आपला झिप (इकडचा पिनकोड) टाका, तिथे तासातासाचा ग्राफ मिळतो, त्यात टेम्परेचरच्या आधी वाऱ्याची दिशा बघायची. फ्रंट यायच्या आधी वारं दक्षिणेकडून किंवा नैऋत्येकडून असतं, मऊ, दमट, थेट खालच्या मेक्सिकोच्या आखाताकडची हवा घेऊन येणारं. फ्रंट गेला की ते वायव्येला किंवा उत्तरेला फिरतं आणि ड्यू पॉइंट (हवेत ओल किती ते सांगणारा आकडा) धपकन खाली येतो. ज्या तासाला ही दिशा फिरते तो तास कागदावर लिहून ठेवा, दिवसाचं सगळं प्लॅनिंग त्या तासाभोवती करायचं. (नॉर्थवेस्ट विंड म्हणजे नॉर्थवेस्टकडून येणारं, तिकडे जाणारं नाही, यात माझा नवरा अजून गोंधळतो.)

पण फोरकास्टमधला तास दोन-तीन तास इकडेतिकडे होतोच. मग मी काय करते, सकाळी शिकागोच्या वायव्येच्या रॉकफर्ड शहराचं आत्ताचं वारं बघते. फ्रंट बहुतेक वेळा आयोवा-विस्कॉन्सिनकडून येतो, रॉकफर्ड इथून साधारण ९० मैल, मार्चमधला फ्रंट ताशी ३०-४० मैलांनी पळतो, म्हणजे तिथे वारं फिरलं की आपल्याकडे सव्वादोन-तीन तास. डब्यातली पोळी खाता खाता होणारा हिशोब आहे.

आता लेकची गंमत, आणि इथे भलेभले फसतात. लेक मिशिगन हे आपल्या डोक्यातलं तळं नाही, जवळजवळ ५८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा पाणी आहे, आणि मार्चमध्ये ते पाणी २-३ सेल्सिअसच्या आसपास असतं. जमिनीवर झाडं-घरं-टेकड्या वाऱ्याला अडवतात, पाण्यावर अडवायला कोणी नाही, त्यामुळे थंड हवा लेकवरून घसरत जमिनीवरच्या फ्रंटच्या पुढे निघून येते. मग लेककाठच्या एव्हान्स्टनला आणि डाउनटाउनला वारं आधी फिरतं आणि लेकपासून आत असलेले नेपरव्हिलवाले अजून तासभर उन्हात फोटो टाकत असतात. म्हणून लेकजवळ राहणाऱ्यांनी रॉकफर्डबरोबर उत्तरेचं लेककाठचं मिलवॉकी पण बघायचं, तिथे ईशान्येचं वारं सुरू झालं की जॅकेट हातात घ्या. तासाभरात १६ फॅरनहाइट किंवा जास्त पडलं तर त्याला इकडे न्यूमोनिया फ्रंट म्हणतात, नाव मिलवॉकीच्या वेदर ऑफिसातलं. त्याचा खरा सीझन एप्रिल ते जून, पण लक्षात ठेवा.

अजून एक, टीव्हीवर "शिकागो ५५" म्हणतात ते १९८० पासून ओहेअर एअरपोर्टचं टेम्परेचर असतं, लेकपासून बरंच आत. दुपारी लेकवरून वारं सुटलं की किनाऱ्यावर त्याच वेळी १० ते १५ अंश कमी असू शकतं. "कूलर बाय द लेक" (लेकजवळ जास्त गार) हे वाक्य ऐकलं की तुमचा पत्ता लेकच्या किती जवळ आहे ते आठवा.

फ्रंट गेल्यावर पहिले दोन-तीन तास गाडीवाल्यांसाठी वाईट. पावसाने रस्ता ओला, त्यावर पारा ३२ च्या खाली, आणि पूल आणि हायवेचे रॅम्प सगळ्यात आधी गोठतात कारण खालून पण गार हवा लागते. बाकी रस्ता कोरडा दिसतोय म्हणून रॅम्पवर स्पीड ठेवू नका. टायरचं प्रेशर दर १० फॅरनहाइटला साधारण १ पीएसआय (टायरच्या हवेचं माप) उतरतं, सकाळी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला म्हणून लगेच पंक्चरवाल्याकडे धावू नका, हवा भरा.

लेकपलीकडच्या मिशिगन राज्यात जाणार असाल तर वेगळं बघायचं. इथे फ्रंटनंतर ऊन पडतं आणि पलीकडे साउथ हेवन, हॉलंड या गावांत बर्फ चालू असतो, कारण थंड हवा लेकवरून जाताना ओल उचलते. पाणी आणि साधारण ५ हजार फुटांवरची हवा यात १३ सेल्सिअसचा फरक लागतो, म्हणजे मार्चमध्ये वर उणे १० किंवा उणे ११ हवं. जानेवारीएवढं होत नाही पण आय-९४ हायवेवर एका वळणावर ऊन आणि पुढच्या वळणावर काहीच दिसत नाही असं मी स्वतः चालवलंय.

आणि लाटा बघायला किनाऱ्याच्या काँक्रीटवर जाऊ नका. प्लीज. उत्तरेचं वारं अख्ख्या लेकच्या ३०० मैल लांबीवरून येतं, दगडांवर पातळ बर्फ असतो, पाय घसरला तर त्या पाण्यात हातपाय काही मिनिटांत चालेनासे होतात. वादळाची रांग पुढे निघून गेली तरी पाणी नंतर उसळून परत येऊ शकतं, २६ जून १९५४ ला शिकागोच्या माँट्रोज आणि नॉर्थ अॅव्हेन्यूच्या किनाऱ्यांवर असंच मासे पकडणारी ८ माणसं गेली, आकाश तेव्हा शांत होतं.

पाडव्याचं सांगायचं राहिलं. तो नेमका याच दिवसांत येतो, तर आदल्या रात्री विंड अॅडव्हायजरी (जोरदार वाऱ्याची सूचना) आहे का बघा, इकडे ती साधारण ताशी ४५ मैलांच्या झोतांना लागते. असेल तर गुढी बाल्कनीत सुतळीने नाही, प्लास्टिकच्या झिप टायने तीन ठिकाणी बांधा. आमचा तांब्या एका वर्षी शेजारच्यांच्या ड्राइव्हवेत गडगडत गेला होता, त्यांनी विचारलं पण नाही काय आहे, नुसता दारात आणून ठेवला. आणि कढीपत्त्याची कुंडी एका ६५ च्या दिवसाला भुलून बाहेर काढू नका, इथले बागवाले टोमॅटो सुद्धा मे महिन्यातल्या मदर्स डेपर्यंत घरात ठेवतात.