सुका कचरा द्यायचा तर असा द्या

पुण्यात दोन बादल्या ठेवल्या की झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये हो. कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या संस्थेच्या ताई दारातून सुका कचरा नेतात, मग कुठेतरी शेडमध्ये बसून तो परत निवडतात आणि भंगारच्या दुकानात विकतात. ते पैसे त्यांचे, आपण महिन्याला देतो ती फी वेगळी. २००८ ला महापालिकेशी करार झाला तेव्हापासून हे असंच चालू आहे. त्यामुळे आमटी लागलेला डबा तसाच टाकला की आतली रद्दीपण ओली होते आणि भाव जातो, साधं गणित आहे.

मग करायचं काय, तर भांडी घासून झाली की त्याच पाण्यात डबे, बाटल्या हिसळायच्या आणि पालथ्या घालून वाळू द्यायच्या, साबण-बिबण काही लागत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकत ठेवा, कारण तो इवलासा तुकडा एकदा सुटला की कोणी वेचत नाही, गटारात जातो. पिशवी उलटी करून धुवा आणि नळावर वाळत टाका (घरचे हसतील, हसू दे). पुठ्ठ्याचे खोके सपाट करून द्या. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून ओल्यात, वरचं झाकण सुक्यात.

दुकानातली गुळगुळीत बिलं मात्र रद्दीत घालू नका, आणि वेफर्स, बिस्किटांची चकचकीत पाकिटं धुवून दिली तरी भंगारवाला सहसा घेत नाही, आत वेगवेगळे थर चिकटवलेले असतात ना. ती कमी आणणं एवढंच आपल्या हातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळायचे, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा आणि हातात वेगळे द्यायचे. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमातसुद्धा हा कचरा गुंडाळून द्यायला सांगितलं होतं, तरी लोक सुक्यात कोंबतात, आणि तिकडे ताईंना तो हातानं उघडावा लागतो. फुटलेली काच, ब्लेडसुद्धा जाड कागदात गुंडाळा आणि देताना तोंडाने सांगा, "ताई, यात काच आहे". सेल, ट्यूबलाइट, जुने चार्जर एका खोक्यात साठवा, सोसायटीत ई-कचऱ्याची गाडी येईल तेव्हा द्या.