पोल्ट्रीच्या खाद्यातले पोरकिडे: नव्याने उतरणाऱ्यांसाठी

पोल्ट्री सुरू करायची म्हणून विचारायला येणारी मुलं पिल्लांचा दर विचारतात, शेडची लांबी-रुंदी विचारतात, अनुदानाचंही विचारतात. खाद्य ठेवणार कुठे, हे क्वचितच कुणी विचारतं. खर्चातला ६५ ते ७० टक्के वाटा त्या खाद्याचाच असतो. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला पावसाळ्यात मिठालाही पाणी सुटतं. अशा हवेत दोन महिन्यांची पोती रचून ठेवली, तर कोंबड्यांच्या आधी पोरकिडे, म्हणजे साठवलेल्या धान्यात लागणारे किडे, जेवतात.

हे किडे येतात मुख्यतः पोत्यातून. सोंड्या नावाचा सोंडेचा भुंगा असतो, त्याची मादी मक्याच्या दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्यातच वाढते, त्यामुळे घाटावरून आलेला मका उतरवताना स्वच्छ दिसतो आणि महिन्याभराने पोत्यावर भुंगे चालायला लागतात. मी प्रत्येक गाडीतला ओंजळभर मका काचेच्या बरणीत घालतो, तोंडाला फडकं बांधतो, वर तारीख आणि व्यापाऱ्याचं नाव लिहितो. ‘किडे तुमच्याच गोदामात लागले’ असं एकजण ठासून सांगत होता, तेव्हा बरणी पुढे ठेवली, विषय मिटला. जुनं बारदान तर आत घेऊच नका, शिवणीत अंडी-अळ्या असतात.

भरडलेल्या खाद्यात दिसतो तो तांबूस, चपटा भुंगा वेगळा. धड अख्ख्या दाण्यावर त्याचं फारसं चालत नाही, त्याला पीठ आणि चुरा लागतो. तो फार वाढला की खाद्याला उग्र वास येतो, रंग गुलाबीसर पडतो आणि पक्षी तोंड फिरवतात. म्हणून जमत असेल तर मका अख्खा ठेवा आणि आठवड्याला लागेल तेवढाच भरडा.

‘कोंबड्या किडे खातातच की, बिघडलं काय?’ हे तुम्हाला दहाजण ऐकवतील. बिघडतं असं, की किड्याने दाण्यातला कस आधीच खाल्लेला असतो. शिवाय विष्ठेत फिरणारे भुंगे पट्टकृमी वाहतात. कोंबडीने तसा भुंगा खाल्ला की जंत तिच्या पोटात. शेडचा झाडू आणि गोदामाचा झाडू वेगळा ठेवण्याचं कारण हेच.

खरेदीचा हिशोब सोपा आहे. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. हजार पक्ष्यांना ११० किलो, म्हणजे पंधरा दिवसांना ५० किलोची ३३ पोती. पावसाळ्यात यापेक्षा जास्त माल भरू नका, दर कितीही उतरलेला असो. थप्पी लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट सोडून. मागून झाडू फिरला पाहिजे. आधी आलेलं पोतं आधी फोडायचं. हमाल नवीन माल पुढेच लावतात, तेव्हा उतरवताना स्वतः उभे राहा.

मक्यात ओल १२ टक्क्यांच्या वर नको. रोज एखाद्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत गरम लागलं तर किडे वाढलेत असं समजा. त्यांच्या श्वासाने माल तापतो, ओलावतो, मग बुरशी. नुसता किडका मका कडक उन्हात पातळ पसरला की किडे पळतात, तो लगेच भरडून वापरता येतो. प्रीमिक्स (जीवनसत्त्वं-खनिजांची पूड) मिसळलेलं खाद्य उन्हात टाकू नका, जीवनसत्त्वं जातात. बुरशीचा, गाठी झालेला माल मात्र फेकाच. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उन्हाने जात नाही, चाळूनही जात नाही.

‘सेल्फॉसच्या गोळ्या टाक, एका रात्रीत साफ’ असा सल्ला मिळेल. सेल्फॉस म्हणजे धान्यातले किडे मारायच्या धुरीच्या गोळ्या; त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू माणूस मारतो. हे काम परवानाधारक धुरीवाल्याचं, तेही हवाबंद ताडपत्रीखाली आणि काही दिवस. राहत्या घराला लागून गोदाम असेल, तर हा विचारच सोडा.

आपल्या हातात आहे ते मे महिन्यात करा. गोदाम पूर्ण रिकामं करून फटी, कोपरे, पत्र्याच्या खाचा खरवडून काढा. निघालेला चुरा बाहेर जाळा, उकिरड्यावर टाकलात तर किडे परत येतात. फटी सिमेंटने बुजवा. मग मॅलेथिऑन ५० टक्के हे कीटकनाशक, १ भागाला १०० भाग पाणी, १०० चौरस मीटरला ३ लिटर, भिंतींवर आणि जमिनीवर फवारा. खाद्यावर एक थेंबही नको. नीट वाळू द्या आणि मगच पहिली गाडी बोलवा.