यादीचं तिसरं पान हरवू नये म्हणून: जावातल्या फॉर्ममधून यूआरएल पॅरामीटर पुढे कसे न्यायचे

पतसंस्थेच्या सभासदांची यादी उघडली आहे. क्लार्कताईंनी शाखा 'सांगली' निवडली, तिसऱ्या पानावर जाऊन एकाचा पत्ता दुरुस्त केला, 'जतन करा' दाबलं आणि समोर आलं सगळ्या शाखांचं पहिलं पान. दिवसभर अशाच नोंदी करणाऱ्या माणसाला हे किती छळतं, ते मी शेजारी बसून पाहिलंय. म्हणून सर्व्हलेट (सर्व्हरवर रिक्वेस्ट हाताळणारा जावा क्लास) आणि जेएसपी (पान बनवणारा साचा) यांचं कुठलंही काम हाती आलं की मी आधी हेच तपासते.

शाखा आणि पान हे दोन पॅरामीटर, म्हणजे यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर येणाऱ्या नाव-किंमत जोड्या, तीन टप्प्यांवर आपण स्वतः पुढे द्यायचे असतात: यादीतून फॉर्मकडे, फॉर्ममधून सर्व्हलेटकडे आणि तिथून परत यादीकडे.

पहिला टप्पा सोपा. लिंक स्ट्रिंग जोडून बनवू नका. जेएसटीएल या जेएसपीच्या टॅग-संचातला 'सी:यूआरएल' टॅग घ्या आणि त्याच्या आत प्रत्येक पॅरामीटरसाठी 'सी:पॅरम' लिहा. एन्कोडिंग, म्हणजे यूआरएलमध्ये थेट न चालणारी अक्षरं टक्क्याच्या चिन्हांच्या संकेतात बदलणं, तो करतो. 'सांगली' यूटीएफ-८मध्ये १८ बाइट होतं आणि यूआरएलमध्ये टक्क्यांच्या चिन्हांसकट ५४ अक्षरं, त्यामुळे हाताने करण्यासारखं हे काम नाही.

खरी गडबड फॉर्ममध्ये होते. फॉर्मची मेथड (पाठवायची पद्धत) गेट असेल, तर ॲक्शनमध्ये (फॉर्म जिथे जायचा त्या यूआरएलमध्ये) प्रश्नचिन्हानंतर लिहिलेलं सगळं ब्राउझर टाकून देतो आणि तिथे फॉर्ममधली फील्ड घालतो. पोस्ट असेल तर ते टिकतं. पण एकच नाव यूआरएलमध्येही आणि फॉर्ममध्येही असलं, तर सर्व्हलेटमध्ये पॅरामीटर वाचणारा 'गेटपॅरामीटर' यूआरएलमधली किंमत देतो, कारण सर्व्हलेटच्या नियमानुसार क्वेरी स्ट्रिंग (यूआरएलमधला प्रश्नचिन्हानंतरचा भाग) आधी आणि बॉडी (पोस्टने पाठवलेला फॉर्मचा मजकूर) नंतर. वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये शाखा बदलली तरी सर्व्हलेटच्या हाती जुनीच लागते. म्हणून माझी पद्धत ठरलेली: ॲक्शन कोरी, म्हणजे क्वेरी स्ट्रिंगशिवाय, आणि यादीची शाखा व पान हिडन (पानावर न दिसणाऱ्या) फील्डमध्ये, वेगळ्या नावांनी. उदाहरणार्थ 'यादीशाखा' आणि 'यादीपान'.

हिडन फील्डची किंमत जेएसटीएलच्या 'सी:आउट' टॅगमधूनच छापा. जेएसपीत डॉलर-महिरपी कंसातली किंमत थेट छापली तर ती एस्केप होत नाही, म्हणजे तिच्यातली एचटीएमएलची चिन्हं निष्प्रभ केली जात नाहीत, आणि कुणीही लिंकमधून तुमच्या पानात स्क्रिप्ट घुसवू शकतो. फॉर्ममध्ये फाइल अपलोड असेल, तर सर्व्हलेटवर 'मल्टिपार्टकॉन्फिग' लावा, नाहीतर ही फील्ड नल, म्हणजे किंमतीविना, येतील.

सर्व्हलेटमध्ये पहिला पॅरामीटर वाचण्याआधी 'सेटकॅरेक्टरएन्कोडिंग'ने यूटीएफ-८ सांगा. हे बॉडीपुरतं. यूआरएलचं एन्कोडिंग टॉमकॅट या सर्व्हलेट चालवणाऱ्या सर्व्हरच्या कनेक्टरवर ठरतं. टॉमकॅट ८पासून ते मुळातच यूटीएफ-८ आहे, ७मध्ये सांगावं लागतं.

सभासदाचा पत्ता चुकीचा भरला असेल तर फॉरवर्ड करा, म्हणजे सर्व्हरमधल्या सर्व्हरमध्येच रिक्वेस्ट पुन्हा फॉर्मच्या जेएसपीकडे द्या. रिक्वेस्ट तीच राहते, त्यामुळे हिडन फील्ड पुन्हा भरता येतात. जतन झालं की मात्र रिडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या यूआरएलवर जायला सांगणं), म्हणजे पान रिफ्रेश केल्यावर नोंद दुसऱ्यांदा जात नाही. रिडायरेक्ट ही नवी रिक्वेस्ट असल्याने आधीचं काही उरत नाही. शाखा जावाच्या 'यूआरएलएन्कोडर'मधून काढून यादीची यूआरएल नव्याने बांधा. 'एन्कोडरिडायरेक्टयूआरएल'वर विसंबू नका. ते गरज पडल्यास सेशन आयडी (सर्व्हरने त्या वापरणाऱ्यासाठी जपलेल्या माहितीची, म्हणजे सेशनची, ओळख) जोडतं, पॅरामीटर एन्कोड करत नाही. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये 'रिडायरेक्टॲट्रिब्यूट्स'चं 'ॲडॲट्रिब्यूट' हे काम करतं.

परतीची अख्खी यूआरएल हिडन फील्डमध्ये ठेवायचा मोह टाळा. ती बदलून वापरणाऱ्याला परक्या साइटवर पाठवता येतं. यादीच्या पानाची यूआरएल कोडमध्ये पक्की ठेवा, पान आकड्यात बदलून घ्या, आणि सभासद क्रमांक हिडन असला तरी तो बदलायची परवानगी आहे का, हे सर्व्हरवर तपासाच.

हे सगळं सेशनमध्ये ठेवा, असं कुणी सुचवेल. मला ते पटत नाही. क्लार्कताई एका टॅबमध्ये सांगली आणि दुसऱ्यात मिरज उघडतात, आणि सेशन दोन्ही टॅबना एकच असतं.