वायरलेस माऊस सारखा डिस्कनेक्ट होतोय? नवा घेण्याआधी या चुका टाळा

माऊस अडकला की बहुतेक जण एका दमात सगळं करतात: सेल बदलतात, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, रिसीव्हर (माऊसचा सिग्नल पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा) दुसऱ्या पोर्टला लावतात, कॉम्प्युटर रीस्टार्ट करतात. माऊस चालू होतो, पण नेमकं कशामुळे ते कळत नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच. ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. एका वेळी एकच बदल करा, आणि त्याही आधी माऊस कसा तुटतो, म्हणजे त्याची जोडणी कशी जाते, ते नीट पाहा. निम्मं निदान तिथेच होतं.

पॉइंटर थांबला की लगेच क्लिक करून आणि चाक फिरवून बघा. पान वर-खाली सरकत असेल, तर माऊस जोडलेलाच आहे. घोटाळा खालच्या सेन्सरचा किंवा पृष्ठभागाचा आहे. काच, चकचकीत लॅमिनेट किंवा सेन्सरच्या छिद्रात अडकलेला एखादा केस, एवढं पुरतं. साधा कागद खाली ठेवून तपासा. पॉइंटर, क्लिक, चाक सगळंच मेलं असेल तर कीबोर्डवरून काहीतरी टाइप करून पाहा. तोही गप्प असेल, तर कॉम्प्युटरच अडकला असण्याची शक्यता जास्त. मात्र कीबोर्ड आणि माऊस एकाच रिसीव्हरवर असतील तर या चाचणीला अर्थ नाही.

रिसीव्हरवाल्या माऊससाठी आणखी एक खूण आहे. विंडोजमध्ये आवाज चालू ठेवा. माऊस तुटताना यूएसबी काढल्यावर होतो तसा आवाज आला, तर रिसीव्हरच कॉम्प्युटरपासून तुटतोय: पोर्ट, हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) किंवा वीजबचतीची सेटिंग तपासायची. आवाज न येता माऊस गेला, तर बिघाड हवेतल्या सिग्नलमध्ये किंवा सेलमध्ये आहे.

रिसीव्हर निळ्या पोर्टला, हार्ड डिस्कच्या शेजारी

सर्वाधिक माऊस इथे बळी पडतात, आणि शंका मात्र सगळ्यात शेवटी येते. रिसीव्हरवर चालणारे बहुतेक माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. यूएसबी ३.० (सहसा निळा पोर्ट) मधून डेटा ५ गिगाबिट प्रति सेकंद वेगाने धावतो, तेव्हा पोर्ट, केबल आणि जोडलेलं उपकरण यांच्यातून नेमका त्याच पट्ट्यात रेडिओ गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं, म्हणजे प्रश्न जुना आहे. रिसीव्हरचा अँटेना नखाएवढा. शेजारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा हब असेल तर त्या गोंगाटात माऊसचा क्षीण सिग्नल बुडून जातो.

तपासणी सोपी आहे. एक्स्टर्नल डिस्कवर मोठी फाइल कॉपी करायला लावा आणि माऊस हलवत राहा. कॉपी सुरू असतानाच पॉइंटर उड्या मारत असेल आणि संपल्यावर सुधारत असेल, तर चोर सापडला. उपाय ड्रायव्हरमध्ये नाही. यूएसबी २.० ची साधारण एक मीटरची एक्स्टेन्शन केबल घ्या आणि रिसीव्हर टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवा. यूएसबी २.० पोर्ट मोकळा असेल (सहसा काळा किंवा पांढरा) तर केबल तिथेच लावा. माऊस दहा मीटर चालतो असं खोक्यावर लिहिलेलं असतं, पण ते अंतर मोकळ्या जागेतलं. टॉवर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये रिसीव्हर असेल, तर मध्ये लोखंडी पेटी आणि पुष्कळदा वापरणाऱ्याचे पाय येतात. धातूचं टेबलही सिग्नल अडवतं.

वायफायही याच पट्ट्यात असतं. राउटर टेबलावरच ठेवला असेल तर तो दूर न्या, किंवा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर जोडा.

वीजबचतीच्या सेटिंगला हातच न लावणं

थोडा वेळ हात थांबला की माऊस जातो, अशी तक्रार असेल तर आधी इथे पाहा. डिव्हाइस मॅनेजर उघडा, त्यात युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स. प्रत्येक यूएसबी रूट हबवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणाऱ्या चौकटीतली खूण काढा. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, चालू प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लॅपटॉपवर ‘बॅटरीवर’ आणि ‘चार्जिंगवर’ अशा दोन्ही ठिकाणी. काही नव्या लॅपटॉपवर हे पर्याय दिसतच नाहीत. त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) हात घालण्याआधी पोर्ट बदलून पाहा.

एक गैरसमज इथेच दूर करू. माऊस स्वतःही सेल वाचवायला झोपतो आणि क्लिक केल्यावर क्षणभरात उठतो. तो बिघाड नाही.

ब्लूटूथ माऊसला रिसीव्हरचेच उपाय

ब्लूटूथ माऊसला वेगळा रिसीव्हर नसतो, म्हणून वरची पोर्टची खटपट इथे बहुतेक निरुपयोगी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथ या भागात ॲडॉप्टर शोधा आणि वीजबचतीची तीच खूण काढा. मग सेटिंग्जमधून माऊस रिमूव्ह करा, माऊसचं पेअरिंगचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि नव्याने जोडा. नुसतं ब्लूटूथ बंद-चालू केल्याने जुनी बिघडलेली जोडणी तशीच राहते.

डेस्कटॉपवर एक गंमत हमखास दिसते: मदरबोर्डसोबत आलेले अँटेना खोक्यातच पडून असतात. राउटर जवळ असल्याने वायफाय कसंबसं चालतं, पण ब्लूटूथ माऊस हातभर अंतरावरूनही तुटतो. कॅबिनेटच्या मागे पितळी आट्यांचे दोन टोक मोकळे दिसले, तर आधी अँटेना बसवा.

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर एका सिस्टिममध्ये पेअर केलेला माऊस दुसऱ्या सिस्टिममध्ये ओळखला जात नाही, कारण नव्या पेअरिंगने आधीच्या जोडणीची गुप्त किल्ली रद्द होते. माऊसला १-२-३ असे चॅनल असतील तर प्रत्येक सिस्टिमला वेगळा चॅनल द्या. माऊस उचलताना चॅनल बदलण्याचं बटण चुकून दाबलं जातं आणि तो ‘गायब’ होतो, तेही लक्षात असू द्या.

सेलच्या बाबतीत

नवा सेल जुन्याच्या जोडीला घालू नका. दुबळा सेल दोघांनाही खाली ओढतो. रिचार्जेबल सेलचा दाब १.२ व्होल्ट, अल्कलाइनचा १.५. त्यामुळे रिचार्जेबल घातल्यावर बॅटरीचा आकडा कमी दिसला तर दचकू नका, काही माऊस मात्र त्यावर लवकर कुरकुरतात. स्प्रिंगवर पांढरी पूड दिसली तर सेल गळलाय. कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मगच नवे सेल घाला. माऊस हलकेच आपटल्यावर चालू होत असेल तर स्प्रिंग सैल झाली आहे, ती जरा बाहेर ओढा.

रिसीव्हर कुठलाही चालेल ही समजूत

एवढं करूनही माऊस तुटत असेल तर तो रिसीव्हरसकट दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथे नीट चालला तर दोष पहिल्या कॉम्प्युटरच्या पोर्टचा किंवा सेटिंगचा. तिथेही तुटला तर माऊसचा किंवा रिसीव्हरचा. पुष्कळ स्वस्त माऊसचा रिसीव्हर त्याच माऊसशी बांधलेला असतो, तो हरवला तर दुसरा मिळवून उपयोग नाही. लॉजिटेकच्या युनिफाइंग रिसीव्हरवर सहा उपकरणं जोडता येतात आणि सुटा रिसीव्हरही चालतो, पण त्याच कंपनीच्या बोल्ट रिसीव्हरशी युनिफाइंगचा माऊस जुळत नाही. सुटा रिसीव्हर मागवण्याआधी माऊसच्या पोटावरचं चिन्ह तपासून घ्या.