जुन्या घराचं वायरिंग तपासून घेण्याआधी

तपासणीची तारीख ठरली की घरात सगळ्यांच्या हाताशी येईल अशी एक वही ठेवा आणि विजेचं जे काही खटकेल ते प्रत्येकाने त्यात लिहायचं, असं सांगून टाका. गिझर लावला की दिवे मंद होतात का, कुठला प्लग गरम लागतो, कुठल्या बटणातून चरचर येते, कुठला एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा स्विच) सारखा पडतो, आणि त्या वेळी आणखी काय चालू होतं. इलेक्ट्रिशियन घरात काही तासच असतो. रात्री लोड वाढल्यावर तापणारा सैल जोड त्याला दुपारी थंडच सापडेल, म्हणून या नोंदींना मोल आहे. नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील किंवा जळका वास येत असेल तर मात्र तारखेची वाट पाहू नका. मेन बंद करून लगेच माणूस बोलवा.

वायरिंग साधारण कधीचं आहे, कुठली खोली मागाहून वाढवली, नवी वायर जुन्या वायरला कुठे जोडली, हे घरातल्या जाणत्यांना विचारून ठेवा. जुन्या तारांवरचं रबर कडक होऊन तडकतं, ॲल्युमिनियमच्या तारांचे स्क्रू सैल पडतात. गिझर, एसी, ओव्हन, पंप यांचे वॉट त्यांच्या पट्टीवरून उतरवून घ्या. 2000 वॉटचा एकटा गिझर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. फक्त दिवे-पंख्यांसाठी टाकलेल्या तारेला तो झेपत नाही.

पाहुणे येणार म्हणून घर आवरतो तसं वायरिंग आवरू नका. काळवंडलेला सॉकेट वापरू नका, पण बदलूही नका. टेप नको, रंग नको. तो डाग इलेक्ट्रिशियनला दिसायलाच हवा.

डीबी (एमसीबी बसवलेली पेटी), मीटर आणि कपाटामागचे बोर्ड मोकळे करा, माळ्यावर चढायला शिडी ठेवा. मेगर नावाचं यंत्र तारांमध्ये बहुधा 500 व्होल्ट डीसी देऊन त्यांचं इन्सुलेशन (वरचं वीजरोधक आवरण) तपासतं, तेव्हा टीव्ही, राउटर, संगणक यांचे प्लग आधीच काढा. वीज काही वेळ बंद राहील. कुणी ऑक्सिजन मशीनवर असेल तर पर्यायी सोय अगोदर करा. इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर इलेक्ट्रिशियन दारात आल्या आल्या सांगा. मेन पाडल्यावरही त्या लाइनमध्ये करंट असू शकतो, आणि हात त्याचा आत असतो.

अर्थिंगबद्दल, म्हणजे गळती वीज जमिनीत नेणाऱ्या तारेबद्दल, आग्रहच धरा. जुन्या घरात तीन पिनांचे सॉकेट दिसतात, पण कित्येकदा मागे ताराच दोन असतात. काही ठिकाणी तर न्यूट्रलचा (वीज परत नेणाऱ्या तारेचा) तुकडा अर्थच्या पिनेला जोडून दिलेला असतो. टेस्टरवर सगळं ठीक दिसतं, पण मागे न्यूट्रल तुटला की वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट फेज, म्हणजे जिवंत वीज, येतो. म्हणून निदान बाथरूम आणि स्वयंपाकघरातले सॉकेट उघडून दाखवायला सांगा. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर नुसतं टेस्टचं बटण दाबून भागत नाही. माणसाच्या बचावासाठीचा 30 मिलीअँपिअरचा आहे का आणि तपासणीचा मीटर लावल्यावर वेळेत पडतो का, हे बघून घ्या.

काम ठरवतानाच परवाना बघा आणि लेखी अहवाल मागा: प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशनचं आणि अर्थिंगचं रीडिंग, तातडीचं काय, थांबण्यासारखं काय. दुरुस्ती झाल्यावर त्याच सर्किटचं रीडिंग पुन्हा घेऊन द्यायचं, हेही तेव्हाच बोलून घ्या.